वाटाड्याची शेवटची फेरी

"पायांकडे नको बघू गं, खांद्यांकडे बघ."

मामाचा हा आवाज तिला अजून तसाच ऐकू येतो. जरा घोगरा, जरा घाईतला. मैदानावर शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचं काम मामाकडे होतं, आणि ती एवढीशी, त्याच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसलेली. धावणारे समोरून गेले की मामा गुणगुणायचा. स्वतःच जुळवलेलं —

पायाची चाल खोटी, खांद्याची साक्ष खरी,
घंटेच्या पल्याड कळे, कुणाची शिदोरी पुरी.

मामा गेला. घंटा आता दुसराच कुणी वाजवतो. ती मात्र त्या दोन ओळींवर पोट भरते. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर ती लांब पल्ल्याच्या शर्यतींची भाकितं लिहिते. खरे दावेदार कोण, नुसते भरतीला कोण, आणि घंटेनंतर कुणाचे पाय सुटणार. धावपटू तिला ज्योतिषीबाई म्हणतात. घरी वहिनी म्हणते, जगाचं भविष्य सांगतेस, स्वतःचं काय ते एकदा बघ बाई.

तो भेटला तो एका साध्याशा शर्यतीच्या दुपारी. वारं सुटलं होतं, कोपऱ्यातले झेंडे फडफडत होते. ती नेहमीसारखी शेवटच्या वळणाबाहेरच्या बाकावर होती, कारण खांदे तिथून नीट दिसतात. शर्यत अर्ध्यावर आली, आणि सगळ्यांच्या पुढे धावणारा माणूस सरळ मार्ग सोडून बाहेर आला, कठडा ओलांडला, नि तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

तिला वाटलं, पाय मुरगळला असेल. डॉक्टरांना बोलावू का, तिनं विचारलं.

"कशाला?" तो धापा टाकत म्हणाला. "माझं काम झालं."

मग तिच्या लक्षात आलं. हा पेसमेकर. अर्ध्या शर्यतीपर्यंत ठरलेल्या वेगानं पुढे धावायचं, मागच्यांना वेगाची चिंता करू द्यायची नाही, आणि मग गुपचूप बाजूला व्हायचं. सोबतचे त्याला वाटाड्या म्हणत. त्याची आई शेजारणींना सांगायची की मुलगा पेसमेकर आहे, आणि शेजारणी हळहळायच्या की एवढ्या कोवळ्या वयात काळजाचं दुखणं… हे त्यानंच सांगितलं, पाणी पिता पिता. ती हसली, आणि हसताना मार्गावरची नजर पहिल्यांदाच हलली.

धावणाऱ्यांतल्या सगळ्यांत उंच गड्याला सगळे लांबटांग्या म्हणत; तिनं त्यालाच विजेता धरलं होतं. तो बुटाची नाडी सोडत, वर न बघताच म्हणाला, लांबटांग्या नाही, तो टपालखात्यातला, पोस्टमन.

"तुम्ही त्याला बघितलंय तरी का आज?"

"बघायचं कशाला? सगळे माझ्या पाठीमागेच होते. ऐकलं."

आणि मग त्यानं सांगितलं की वाटाड्याला मागचे कधी दिसत नाहीत, त्यांचे श्वास तेवढे पाठीवर येतात. पोस्टमन अजून झोपलेल्या मांजरासारखा श्वास घेतोय. लांबटांग्या कपाट खांद्यावर घेऊन जिना चढावा तसा. घंटा झाली. लांबटांग्या वळणावर ताठरला, आणि पोस्टमन त्याच्या बाजूनं असा निघून गेला जणू पत्र टाकायचं राहिलंय.

"पाठीला कान असलेला माणूस भेटला आज," तिनं घरी सांगितलं.

वहिनी भांडी पुसत होती. "आणि डोळे कसे आहेत?" तिनं विचारलं.

डोळे… ते तिनं पुढच्या शर्यतीत बघितले. मग त्याच्या पुढच्या. तो अर्ध्यावर उतरायचा, बाकाकडे यायचा, आणि ती तो यायच्या जरा आधीच आपली पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. तिच्याकडे खांदे, त्याच्याकडे श्वास. दोघं मिळून शेवटची फेरी जुळवायचे. ज्याचं चुकेल त्यानं कॉफी पाजायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही सांगता आलं नसतं. तो तिची खोडी काढायचा, की तू माणसाला बघतेस ते मापं घेणाऱ्या शिंप्यासारखी. ती म्हणायची, तुझे खांदे मापात बसत नाहीत, उजवा जरा खाली आहे. त्यावर तो दिवसभर उजवा खांदा वर करून फिरला.

एकदा कार्यालयानं तिला भलत्याच मुलाखतीला पाठवलं आणि तिची शर्यत चुकली. त्या दिवशी वाटाड्या उतरलाच नाही. अर्ध्यावरून तसाच पुढे धावत राहिला, चौथा आला, आणि मुख्य अजिंक्यपदाला पात्र ठरला. सगळे विचारत होते, झालं काय तुला? तो म्हणाला, पाय चांगले होते. तिला मात्र त्यानं कॉफी ढवळत वेगळं सांगितलं.

"बाक रिकामा होता. उतरून बसायचं कुणापाशी?"

तिनं कपात बघितलं. कॉफीवरची साय बाजूला केली, परत मध्ये आणली. "पात्र ठरलास की," एवढंच म्हणाली.

अजिंक्यपदाची शर्यत म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे वाटाड्या नसतो. कुणालाच पुढे जायचं नसतं. सगळे एकमेकांच्या आडोशानं रेंगाळतात, शक्ती गाठीला बांधून ठेवतात, आणि घंटा झाली की ज्याच्या गाठीला जास्त, तो सुटतो. पोस्टमनकडे असा सुटणारा पाय होता, लांबटांग्याकडे होता, शाळेत खेळ शिकवणारा गुरुजी म्हणून एक होता, त्याच्याकडे तर चांगलाच होता. वाटाड्याचा शेवट कुणी धड पाहिलाच नव्हता. एकदा दिसला, तोही थकलेला.

आणि त्यातच त्याला बोलावणं आलं. दूरदेशी, मोठ्या शर्यतींच्या फेऱ्यांवर, वाटाड्या म्हणूनच; निदान दोन-तीन वर्षांचं काम. अजिंक्यपदात पहिल्या तिघांत आला तर इथल्या संघात जागा मिळणार होती, म्हणजे राहणं. नाही आला तर जाणं. त्यानं हे तिला दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग विचारलं,

"तू धरशील का मला तिघांत?"

"पेपरात येईल तेव्हा वाच," ती म्हणाली.

हे उत्तर तिचं तिलाही आवडलं नाही. पण दुसरं द्यायला जीभ वळेना. कारण तिला दिसत होतं, की हा घंटेची वाट बघत बसला तर शेवटून पहिला येईल. पण लांबून, बऱ्याच फेऱ्या बाकी असताना निघाला, तर त्याच्यामागे कुणी लगेच जाणार नाही. आजवर तो पुढे गेला की त्यांनी त्याला जाऊ दिलं, हा आता उतरेलच म्हणून. त्या सवयीवर तो तिसरा येऊ शकतो. तिला हे लख्ख दिसत होतं. फक्त कळत नव्हतं, की ते खरंच दिसतंय, की तो जाऊ नये म्हणून दिसतंय. मामानं खांदे बघायला शिकवलं होतं. ज्याचे खांदे आपल्याला हवेसे वाटतात त्याचं काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

मग तिनं कामाचं तेवढं केलं. आधी गुरुजी, मग पोस्टमन, मग लांबटांग्या. वाटाड्याबद्दल एक ओळ — धीट धावपटू, पण शेवटच्या फेरीचा पाय नाही. दावेदारांत धरता येणार नाही.

त्यानं वाचलं. संध्याकाळी कार्यालयाच्या फाटकापाशी आला, म्हणाला, बरोबर लिहिलंस, मीही हेच लिहिलं असतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं त्याला कॉफीसाठी विचारलं. तो म्हणाला, उद्या शर्यत आहे, झोपतो.

शर्यत तिनं पत्रकारांच्या खुर्च्यांत बसून पाहिली. तिथला नियम एकच. कुणासाठी टाळी वाजवायची नाही, कुणासाठी ओरडायचं नाही. खाली मंडळी अपेक्षेप्रमाणे रेंगाळत होती. शेजारचा वार्ताहर जांभई देत म्हणाला, वरातच आहे ही. अर्धी शर्यत झाली, आणि घोळक्यातून वाटाड्या बाहेर आला. पुढे गेला. उजवा खांदा जरा खाली, आणि श्वास ऐकू यावा इतक्या जवळ मागे कुणीच नाही.

आणि मागच्यांनी त्याला जाऊ दिलं. गुरुजीनं एकदा मान वर केली, पुन्हा खाली घातली. पोस्टमननं तर वेग जरा कमीच केला. सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं की हा आत्ता उतरेल… या वळणावर… नाही, पुढच्या. तो उतरला नाही. घोळक्याला जाग आली तेव्हा तो वळणाच्या पार पलीकडे होता.

घंटा वाजली. तिचे हात मांडीवर घट्ट. मागून तिघं सुटले, एकामागून एक. आधी गुरुजी त्याला ओलांडून गेला. सरळ मार्गावर पोस्टमन. मग राहिला लांबटांग्या, लांब लांब टांगा टाकत येणारा, आणि वाटाड्या मागे बघत नव्हता, त्याला बघावं लागत नव्हतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला. रेषेवर दोन छात्या बरोबरच पुढे झुकल्या, आणि फलकावर नावं यायला उगाच फार वेळ लागला.

लांबटांग्या तिसरा. वाटाड्या चौथा.

शेजारच्या वार्ताहरानं तिची पाठ थोपटली. तिघंही बरोबर, आणि लिहिलेल्या क्रमानं. संपादकांचाही फोन आला, साहेब खुशीत होते. तिनं हो हो म्हटलं, आणि खाली, धावपटू जिथून बाहेर येतात त्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

तो सगळ्यांत शेवटी आला. केस ओले, बूट हातात, अनवाणी. जाळीच्या त्या बाजूला थांबला.

"ज्योतिषीबाई, मानलं," तो म्हणाला. हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "चुकतच नाही तुझं. परवाचं विमान आहे माझं."

तिनं प्रश्न ठरवून आणले होते. लवकर का निघालास, पाय कधी जड झाले. एकही आठवला नाही. तिची बोटं जाळीच्या चौकटीत अडकली होती, आणि तिनं ती तशीच राहू दिली.

"मी मनातलं लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुला तिसरा धरलं होतं. लांबून निघालास तर ते तुला जाऊ देतील, हेही मला दिसलं होतं. तुला सांगितलं नाही."

"का?" त्यानं विचारलं.

"कारण मला माझाच भरवसा वाटेना. तुझ्याकडे बघताना मी खांदे बघतच नाही कधी…"

मागून कुणीतरी दिवे मालवायची घाई करत होतं. त्यानं बूट खाली ठेवले. ती थांबली, एक श्वास घेतला. तो त्याला नक्कीच ऐकू गेला असणार. मग सरळ, एका दमात म्हणाली —

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला. चौथा आलास, तरी अजून वाटतंय."