घडीखाली राहिलेली दरी

शनिवारी चांगलं उजाडल्यावर आम्ही तिघं डोंगराकडे निघालो. काम एकच होतं. वरच्या दरीचे चार कोपरे मोजायचे आणि सोमवारी अकराच्या आत नगर नियोजन कार्यालयात आकड्यांसकट हजर व्हायचं. कारण ती अख्खी दरी नकाशावरून हरवली होती, आणि हरवणारी मी होते.

हो, मीच! चौदा वर्षं मी त्या कार्यालयात नकाशे काढते. नव्या आराखड्यासाठी डोंगराच्या राखीव पट्ट्याची हिरवी रेघ जुन्या कापडी नकाशावरून उतरवायचं काम माझ्याकडे होतं. नकाशाच्या मधोमध एक घडी पडली होती, इतकी सपाट की हाताला लागूच नये. मी तिच्यावरून खुशाल रेघ ओढली. घडीत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं, आणि त्या दोन बोटांत तीन धबधबे, एक डोह आणि चौघांच्या कवेत न मावणारी झाडं होती. सगळं रेघेच्या बाहेर! आठवड्याच्या आत तिथे दोनशे खोल्यांचं हॉटेल बांधायचा अर्ज येऊन थडकला.

आमचे नियम गावाने स्वतः बसून, भांडून, रुसून केलेत आणि मला त्यांचा भारी अभिमान आहे. हिरव्या रेघेच्या आत छप्पर नाही, रस्ता नाही, खाण नाही. म्हणून तर अजून कुणाच्याही खिडकीतून डोंगर दिसतो. पण नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखाच. आराखडा सोमवारी अकराला मंजूर होणार होता, आणि त्याआधी एकच दुरुस्ती चालते, ती कार्यालयाच्या स्वतःच्या चुकीची. तीही चूक करणाऱ्याच्या सहीने आणि जागेवर जाऊन मोजलेल्या आकड्यांनी. बाकी सगळ्या हरकती पुढच्या आराखड्यात, म्हणजे दहा वर्षांनी. तोवर डोहाकाठी हॉटेलचे टॉवेल वाळत पडले असते.

बरोबर माझी आत्या होती. तीस वर्षं जमीन मोजून निवृत्त झालेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दुसरा होता पाल. पुलांना आणि धुराड्यांना दोरावर लटकून रंग देणारा हा गडी भिंतीला असा चिकटतो की त्याचं खरं नाव त्याची बायकोही घेत नाही.

"घडी दिसली नाही?" आत्याने वाटेत पाचव्यांदा विचारलं.

"नाही दिसली गं!"

"चष्मा बदल. नाहीतर नोकरी."

दरीच्या तोंडाशी असलेले पहिले दोन कोपरे दुपारपर्यंत हाती आले. तिसरा दरीच्या डाव्या बाजूला, डोंगराच्या धारेवर होता. तिथे जायला काटेरी झुडपांतून अक्षरशः रांगावं लागलं. अंगावर ओरखडे, केसांत काटक्या, आणि पाठीवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची ती जड दुर्बीण. पण धारेवर पोचलो आणि तिघंही कड्याच्या टोकाशी येऊन उभे राहिलो. खाली दरी पसरली होती. सावलीत गार पडलेला डोह, एकाखाली एक तीन धबधबे, आणि वाऱ्याने सगळी झाडं एकदम हलली की खालून वर येणारा तो मोठा आवाज. मी आयुष्यात एवढं काही हरवलं नव्हतं. छाती भरून आली, आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथा कोपरा म्हणजे दरीच्या डोक्यावरचा सुळका.

आत्याने तिसऱ्या कोपऱ्यावरून सुळक्याच्या शेंड्याचा कोन वाचला आणि वहीत लिहिला. तोवर मी दोर कमरेला बांधलासुद्धा!

"कुठे?" आत्या म्हणाली.

"वर. कोपऱ्यावर उभी राहून मोजणार."

पाल पुढे, मी मागे. निम्म्यापर्यंत ठीक चाललं. मग दगड बदलला. हात लावावा तिथे भुगा! पाल वरून ओरडला, "ताई, इथला दगड कुजकाय! थांबा!"

मी थांबले नाही. उजवा पाय टाकला. पाय ठेवला तो दगडच निसटला! मी कोसळले. दोर ताणला. खांदा कड्यावर आदळला. खाली दगड डोहात पडल्याचा आवाज आला, किती उशिराने! पालने दोन्ही पाय भिंतीला रोवून मला पेललं होतं.

"अजून तीसच हात राहिलेत!" मी लटकत ओरडले.

"तीस हातांत माणूस तीनदा मरतो! खाली चला!"

पालच्या दोराच्या आधाराने मी धारेवर परत आले. आत्याने शिवी दिली नाही, तेव्हाच मी घाबरले. माझ्या खांद्याला पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "नियमाचं नववं कलम कुणी टाइप केलं होतं?"

"मी."

"म्हण."

"जिथे पोचता येत नाही असा कोपरा दोन मोजलेल्या जागांवरून नेम धरून ठरवता येईल..." बोलता बोलता माझीच मला लाज वाटली. मला ते पाठ होतं! पण हाताने केलेली चूक मला पायांनी फेडायची होती.

"दरीला तुझं रक्त नकोय, पोरी. तिला आकडे हवेत. आता समोरच्या धारेवरून दुसरा कोन. माझे गुडघे कसेबसे इथवर आले, ओढा ओलांडणार नाहीत. तू वाचायचास."

मी? मी टेबलावरची बाई! पण दुसरं कोण होतं?

रविवारी सकाळी पाल आणि मी ओढ्यात उतरलो. पाणी कमरेपर्यंत, आणि ओढ अशी की पाय टिकेना. थिओडोलाइटची पेटी डोक्यावर धरून मी इंच इंच सरकले. पलीकडच्या धारेवर चढून आधी आमची जागा मोजून घेतली, यंत्र समपातळीत आणलं, वर पाहिलं... आणि सुळका नाहीसा! नुसतं पांढरं धुकं.

एक तास गेला. दोन गेले. तीन! पाल वाऱ्याच्या बाजूला यंत्राला आडोसा देऊन उभा राहिला होता, ओल्या कपड्यांत दात वाजवत. संध्याकाळच्या आत खाली उतरलो नाही तर सोमवार हातचा जाणार होता.

"ताई, ते बघा!"

धुकं फाटलं. शेंडा दिसला! मी डोळा लावला. श्वास रोखला. एकशे बारा अंश, अठरा मिनिटं, चाळीस सेकंद. आत्याने बजावलं होतं, एकदा वाचलेला कोन म्हणजे अफवा. दुर्बीण उलटवली, पुन्हा नेम धरला. अठरा मिनिटं, पन्नास सेकंद! दहाच सेकंदांचा फरक! मी किंचाळले. पालने मला उचलून गरकन फिरवलं, आणि मागे पाहिलं तर सुळका पुन्हा धुक्यात गेलेला.

सोमवारी अकराला पाच कमी असताना आम्ही चिखलाच्या बुटांनी कार्यालयाच्या सभागृहात शिरलो. हॉटेलवाल्यांचे वकील लगेच उठले. "ही हरकत आहे. पुढच्या आराखड्यात घ्या."

माझे साहेब कानाशी आले. प्रमुख नकाशाकाराच्या जागेसाठी माझं नाव त्यांनीच पाठवलं होतं. "नकाशाला ओल लागली होती, असं लिही," ते कुजबुजले. "तुझ्यावर काही येणार नाही."

पण ओल म्हणजे नकाशाचा दोष, कार्यालयाची चूक नव्हे. तसं लिहिलं असतं तर वकिलांचंच खरं झालं असतं. मी उभी राहिले.

"घडी होती. मी ती उलगडून पाहिली नाही. चूक माझी, माझी एकटीची. हे चार कोपरे, हे कोन, ही साक्षीदारांची सही आणि ही माझी."

आराखडा समितीच्या अध्यक्षबाईंनी कागद सावकाश वाचले. "हे तुमच्या सेवापुस्तकात लिहिलं जाईल. बढतीचं मग अवघड आहे."

"जरूर लिहा."

त्यांनी नकाशा टेबलावर पसरायला सांगितला. "मग दुरुस्ती मंजूर. रेघ तुम्हीच काढा. आत्ता, सगळ्यांसमोर."

मी हिरवं पेन उघडलं. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, मग सुळका. खांदा ठणकत होता, पण हात जराही हलला नाही. पाल टाचा उंचावून बघत होता.

"एवढीशीच रेघ?" तो म्हणाला.

"एवढीशीच," आत्या म्हणाली आणि तिने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

सेवापुस्तकातली ती नोंद आजही आहे. बढती दुसऱ्याला मिळाली. नव्याने लागलेल्या मुलींना मी ते पान स्वतःहून दाखवते, ताठ मानेने, आणि मग त्यांना दरी बघायला वर घेऊन जाते.