समाधीवरचं पेपरमिंट

"अहो, जरा सरका ना. तुमच्या त्या मेणाचा भुगा माझ्या चपलेत चाललाय."

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमकथेची सुरुवात म्हणून अगदीच रद्दी, पण आमची झाली ती अशी झाली.

सकाळची वेळ, भुरभुर पाऊस, दफनभूमीत चिटपाखरू नाही. काळ्या दगडाच्या त्या प्रसिद्ध समाधीपाशी एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून, लोणी लावायच्या सुरीनं मेणबत्त्यांचं मेण खरवडत होता. मला वाटलं, इथला सफाई कामगार असेल. तो निमूट सरकला. मी पर्समधून पेपरमिंटच्या चार गोळ्या काढल्या, दगडाच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि वळले.

"थांबा..." तो उठून उभा राहिला. "त्या गोळ्या... तुम्ही ठेवता?"

"का? मनाई आहे?"

"मनाई नाही. पण कधीपासून तुमच्या पाळतीवर आहे मी."

"हातात सुरी घेऊन असलं बोलू नका. माणूस घाबरतं."

त्यानं सुरीकडे बघितलं, ओशाळला आणि हसला. आधी डोळे हसले, मग तोंड. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांच्या डोळ्यांत बघण्याचाच पगार घेते. तरी नजर मीच आधी वळवली.

"हा माझा मामा," तो दगडावर तळवा ठेवून म्हणाला.

आता हा मामा कोण, ते सांगायला हवं. ज्याची गाणी रिक्षापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे वाजतात, तो गायक. एका संध्याकाळी त्याची गाडी पुलावरून नदीत कोसळली. गाडीत दोघं होते, तो आणि त्याचा ड्रायव्हर. एकच प्रेत हाती लागलं. ते इथे पुरलं आणि वर गायकाचं नाव कोरलं. तेव्हापासून निम्मी दुनिया म्हणते की तो मेलेलाच नाही. समाधीत आहे तो ड्रायव्हर. गायकमहाशय सगळ्यांना मामा बनवून कुठल्याशा बेटावर मजेत आहेत. कुणी त्याला पेट्रोल पंपावर पाहिलंय, कुणी दातांच्या दवाखान्यात. 'तो आहे' असं छापलेले शर्टसुद्धा मिळतात.

तो ड्रायव्हर म्हणजे माझे बाबा.

"गोळ्या तुमच्या मामांसाठी नाहीत," मी म्हणाले. "बाबांसाठी आहेत. गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून चघळायचे."

त्याचं हसू मावळलं. बराच वेळ तो सुरीवरचं मेण रुमालाला पुसत राहिला.

"लोकांना वाटतं मामाच येऊन ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "गळ्यासाठी तोही हेच चघळायचा. तुमच्या गोळ्यांचे फोटो जगभर फिरतायत."

"म्हणजे मी पुरावा आहे?"

"सगळ्यात भक्कम."

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. कारण लोकांच्या त्या खुळचट गोष्टीवर माझाही विश्वास होता. बाबांचा बांधा गायकासारखाच होता. चाहत्यांचा गराडा पडला की ते गायकाचा कोट आणि टोपी घालून मागच्या सीटवर बसायचे, गाडी दुसराच कुणी हाकायचा, लोक तिच्यामागे धावायचे आणि खरा गायक मागच्या दारानं टॅक्सीत बसून निघून जायचा. माणसं जिवंतपणी त्या दोघांत फसली, तर मेल्यावर का फसणार नाहीत?

गायक बेटावर राहू दे नाहीतर चंद्रावर, मला देणंघेणं नव्हतं. मला फक्त त्या दगडाखाली बाबा हवे होते. ते तिथे नसले, तर अजून नदीत होते.

आत कोण आहे, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्वारी दुकानात हजर.

"शेवटची ओळ वाचा," मी अक्षरांच्या पाटीकडे बोट केलं.

"दिसत नाही."

"पहिली?"

"तीही नाही. फक्त तुम्ही दिसताय."

"मग चष्मा नको, मोठा डॉक्टर बघा."

तरी साहेबांनी शून्य नंबरचा चष्मा करून घेतला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत कायम काळं ग्रीस. मामाचा सूर त्याच्या गळ्यात औषधालाही नव्हता. तो मला 'पेपरमिंट' म्हणायला लागला आणि मी त्याला 'मेणवाला'. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही.

एकदा दुकानाच्या पायरीवर चहा पिताना मी त्याला बाबांच्या फोनचं सांगितलं. कुठेही गेले की पोचल्यावर बाबा फोन करायचे. एकच शब्द बोलायचे, 'पोचलो', आणि ठेवायचे. त्या संध्याकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. अजूनही फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

त्यानंतर त्यानं मला कधी फोन केला नाही, नेहमी मेसेजच. मी मागितलं नव्हतं. त्याच दिवशी मला कळलं की मी याच्या प्रेमात पडलेय... आणि माझी पाचावर धारण बसली.

मग एका ढगाळ दुपारी तो मला घरी घेऊन गेला.

घराचं दार सताड उघडं. गार वारा थेट आत येतोय आणि उंबऱ्याशी खुर्ची टाकून, शाल गुंडाळून त्याची आई बसलेली. खोकताना ओठ निळसर पडत होते.

"बस गं," त्या म्हणाल्या. "दार मात्र लोटू नकोस. दादा आला आणि बंद दिसलं तर तसाच माघारी जाईल. भारी मानी आहे." मग त्यांनी मला मोबाइलवरचा फोटो दाखवला. काळा दगड, कोपऱ्यात चार गोळ्या. "बघितलंस? येऊन जातो तो. बहिणीकडे यायची हिंमत होत नाही अजून."

मी दुकानातून मेसेज आल्याचं निमित्त करून बाहेर जिन्यात आले. तो मागोमाग आला.

"हृदयाची झडप बदलायचीय तिची," तो हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत. पण ही घराला कुलूप लावू देत नाही. मामा येईल म्हणते."

"म्हणून मला आणलंस? गोळ्या माझ्या आहेत हे सांगायला?"

"हो... आणि तुलाही एक सांगायचंय. डावा हात दे."

मी हात दिला. त्यानं एकेका बोटाच्या टोकावर आपला अंगठा ठेवला, अगदी अलगद. एरवी मी विरघळले असते.

"गिटारच्या तारांनी मामाच्या बोटांची टोकं दगडासारखी झाली होती. लहानपणी तीच चाचपत झोपायचो मी. त्या दिवशी ओळख पटवायला आई जाऊ शकली नाही. मी गेलो. चेहरा बघण्यासारखा नव्हता गं... म्हणून मी हात हातात घेतला." त्याचा अंगठा माझ्या करंगळीच्या टोकावर आला. "घट्टे होते. चारही बोटांना."

खाली कुणीतरी सायकल जिन्याला टेकवली. तो आवाज मला अजून आठवतो.

"आईला नाही सांगितलंस?"

"शंभरदा सांगितलं. म्हणते, तू घाबरला होतास, चुकलास."

"आणि मला? कधी सांगणार होतास?"

"पहिल्याच सकाळी सांगायला हवं होतं. पण तू चप्पल झटकलीस, मला दोन शब्द सुनावलेस... आणि मला वाटलं, हिनं परत यावं. खरं सांगितलं असतं तर कशाला आली असतीस?"

मी हात सोडवून घेतला. "आता दुकानात येऊ नकोस," म्हणाले आणि जिना उतरले. बाबा पुन्हा नदीत गेले होते, आणि या वेळी त्यांना मी ज्याला जीव लावला त्यानंच ढकललं होतं. हे खरं नाही, हे तेव्हाही कळत होतं. पण राग कुणावर तरी काढायला हवा होता.

मी समाधीवर जाणं बंद केलं. आभाळ रोज तेच, राखाडी. एकदा गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई फ्रेम लावून बघता बघता मैत्रिणीला म्हणाली, "गोळ्या थांबल्यात म्हणे. आजारी असणार गं तो!" दोघी हळहळल्या. मी काचा पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला. एवढाच: 'आईनं गादी दारात आणलीय.'

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून मी गेले. काकू खरंच उंबऱ्याशी गादीवर होत्या. मी शेजारी जमिनीवर बसले आणि पेपरमिंटचा पुडा त्यांच्या हातात दिला.

"काकू, ह्या मी ठेवायचे. गाडीत माझे बाबा होते. तुमचे दादा नाही येत तिथे. ते... तिथेच आहेत."

पुड्याचा कागद त्या उलगडत राहिल्या, पुन्हा मिटत राहिल्या. मला वाटलं, आता किंचाळतील, मला हाकलून देतील. तो आतल्या दाराशी उभा होता. माझ्याकडे बघायचं धाडस त्यालाही नव्हतं.

"आणि तुझे बाबा?" त्यांनी विचारलं. "ते सापडले?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना फक्त गायक सापडायला हवा होता.

"नाही," मी म्हणाले.

काकूंनी माझं डोकं ओढून आपल्या शालीत घेतलं. त्यांना रडू फुटलं, खोकला आला, पुन्हा रडू फुटलं. मी मात्र कोरडीच. मग नाक पुसून त्या मुलाला म्हणाल्या, "नुसता उभा काय राहतोस? कुलूप शोध."

कुलूप सापडलं, पण वापर नसल्यामुळे गंजून बसलेलं. त्यानं खिशातून ग्रीसची डबी काढली. किल्ली फिरली, तशा काकू दाराकडे पाठ करून हळूहळू जिना उतरू लागल्या. मी त्यांचा दंड धरला होता.

ऑपरेशन झालं. त्या शुद्धीवर आल्या, आणि आल्या आल्या चहा फिका असल्याची तक्रार केली.

त्या दिवशी आम्ही दोघं पुलावर गेलो. पाणी गढूळ, संथ; वरून काही म्हणजे काही कळत नाही. मी गोळ्या एकेक करून खाली टाकल्या. इथे दगड नव्हता, नाव नव्हतं, फोटो काढणारं कुणी नव्हतं. वाऱ्यानं डोळे चुरचुरत होते. तो शेजारी कठड्याला रेलून उभा होता, मला हात न लावता.

"मी यायचो इथे," तो म्हणाला. "तू भेटायच्या आधीपासून. तुझ्या बाबांसाठी कुणी येतं की नाही, माहीत नव्हतं ना..."

मी त्याचा हात धरला. ग्रीसचा, खरबरीत, चांगलाच गरम.

"शून्य नंबरचा चष्मा काढ आधी," मी म्हणाले. "बावळट दिसतोस. आणि दुकानात येत जा."

"नक्की?"

"नक्की. आवडतोस मला. झालं समाधान?"

त्यानं मला दारापर्यंत सोडलं आणि तो हॉस्पिटलकडे निघाला. मी चहाचं आधण ठेवलं, खिडकीशी उभी राहिले. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती.

फोन वाजला. मेसेज नव्हे, फोन. स्क्रीनवर त्याचं नाव. मी उचलला.

"पोचलो," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी गॅस बंद केला, ओट्याशी खाली बसले आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.