फेस टिकेपर्यंत

त्या दिवशी माझे हात ग्रीसनं भरले होते आणि टेबलावर साबणाच्या पाण्याची बाटली होती. मी ती हातावर ओतली आणि नळाखाली हात धुवायला लागलो.

"काय करायलात तुम्ही?" मागून आवाज आला.

"हात धुतोय."

"ते हात धुवायचं नाही, पाणी तपासायचं आहे. बनवायला दोन दिवस लागतात." मग माझ्या हातांकडे बघून तिनं विचारलं, "फेस तरी आला का?"

"नाही."

"येणार कसा? आमच्या विहिरीचं पाणी आहे. गाव कुठलं तुमचं?"

"कुंभारी."

"एवढ्या जवळचे असून इथलं पाणी विसरलात की." ती हसली. तिच्या बोटांची टोकं रंगानं लाल झालेली होती.

ती रुद्राणी. साल अठ्ठ्याहत्तर, एप्रिल महिना. चादरींचं सूत रंगवणाऱ्या कारखान्यात ती पाणी तपासायची. जड पाण्यात साबणाचा फेस टिकत नाही आणि रंगही सारखा बसत नाही, म्हणून विहिरीचं पाणी एका टाकीतून हलकं करून घेत. टाकी थकली की ती मिठाच्या पाण्यानं धुवायची, मग साध्या पाण्यानं मीठ काढून टाकायचं. ते पुरतं निघालं की नाही, हे रुद्राणी ठरवायची. बाटलीत टाकीचं पाणी घ्यायची, साबणाचे थेंब टाकायची आणि हलवायची. फेस टिकला की व्हॉल्व्हवरच्या गुरप्पांना म्हणायची, "साकु." कानडीत म्हणजे पुरे.

हे सगळं आपोआप करणारी पेटी घेऊन मी पुण्याच्या कंपनीतून आलो होतो. पेटीत भोकांची पाटी होती. कुठल्या भोकात पिन खोचली, त्यावरून कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार ते ठरायचं. शेजारच्या चाकांवर मिनिटं लावायची.

रुद्राणी रोज येऊन बघायची. "लई शाणी आहे की तुमची पेटी," म्हणायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं विचारलं, "ही चालू झाली की माझ्या बाटलीचं काय?"

मला उत्तर माहीत होतं. तिचा पगार वाचेल म्हणूनच मालकांनी पेटी मागवली होती.

"मामा अफजलपूरला बोलवायलाय," ती म्हणाली. "नोकरी सुटली की आईला घेऊन तिकडंच जायचं." ती सहजच बोलली... पण कोरडी बाटली तिनं दोनदा पुसली.

चाचणीच्या दिवशी टाकी धुऊन झाली. रुद्राणीनं बाटली हलवली. फेस लगेच बसला.

"पेटी थांबवा," ती म्हणाली. "अजून धुवायला हवं."

"वीस मिनिटं झाली. पेटीला कळतं."

"पेटीला कळतं?" तिनं बाटली खाली ठेवली.

तासाभरानं लाल सूत बाहेर आलं. सगळ्या लडींवर डाग होते.

मालक ईश्वरप्पा स्वतः आले. लडी हातात घेऊन म्हणाले, "हे पाणी पास कुणी केलं?"

रुद्राणी डागाळलेल्या लडी बाजूला काढत होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी," मी म्हणालो. "या नको म्हणत होत्या. पुण्यात बसून, तिथल्या नळाच्या पाण्यावर मी मिनिटं ठरवली. चूक माझी आहे."

"मग वाढवा की मिनिटं."

"मे महिन्यात विहीर आटली की पाणी आणखी जड होईल. पावसानंतर हलकं होईल. किती वेळा वाढवणार?"

मालक गेले. मी पाटीसमोर बसलो आणि बराच वेळ विचार केला. मग शेवटची पिन काढून एक भोक पुढं खोचली आणि पेटीला एक बटण जोडलं. आता मीठ धुऊन काढायच्या पायरीवर पेटी थांबायची. बटण दाबल्याशिवाय रंगाकडं पाणी सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना ते दाखवलं. त्यांनी विचारलं, "बटण दाबणार कोण?"

"ज्यांना फेस कळतो त्या."

मालकांनी डागाळलेल्या लडींच्या ढिगाकडं बघितलं. "राहू द्या बाईंना," म्हणाले आणि निघून गेले.

त्या दुपारी रुद्राणीनं बाटली हलवली. फेस टिकला. "साकु," ती म्हणाली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ही थांबायची पायरी कंपनीच्या पुस्तकात आहे?"

"नाही. मी घातली."

"तुम्ही पुण्याला गेल्यावर कुणी पिन हलवली तर?"

"दर महिन्याला बघायला येईन की."

"पिन बघायला?"

"पिन... आणि तुम्हाला."

ती बाटली पुसत राहिली. मी म्हणालो, "घरच्यांना घेऊन तुमच्या आईकडं यावं म्हणतो. पण आधी तुम्ही सांगा. घाई नाही."

"आणि मी लई वेळ लावला तर?"

"थांबेन. मी मिनिटं लावलेली नाहीत."

तिचं उत्तर जुलैत आलं. एका पोस्टकार्डावर, एकच ओळ. "आईला घरी पाहुणे आलेले आवडतील."

एक्केचाळीस वर्षं आमचा संसार झाला. घरी बोअरचं पाणी हलकं करायला छोटी टाकी बसवली; ती धुतली, की रुद्राणी बाटली काढायची आणि हलवून बघायची. मी नळाशी उभा असायचो. ती साकु म्हणेपर्यंत नळ बंद करायचो नाही.

गेल्या माघात ती गेली.

काल टाकी धुतली. तिची बाटली फडताळातच होती. पाणी घेतलं, साबणाचे थेंब टाकले, हलवली. फेस टिकला. मी नळावर हात ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. पाणी वाहत होतं.

मग मीच म्हणालो, "साकु."

आणि नळ बंद केला.