गोजरबाईंचा हात

सकाळच्या पाळीला सगळ्यांच्या आधी येऊन पाण्याचा प्लांट सुरू करायचा, हे काम कृपा साळवेकडं होतं. डायलिसिसच्या मशीनला साधं पाणी चालत नाही, ते शुद्ध करून घ्यावं लागतं. नगरच्या वेशीवरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कृपा डायलिसिस टेक्निशियनचा डिप्लोमा करत होती, शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरातल्या त्या दिवशी धुकं असं दाट उतरलं होतं की गेटपाशी उभं राहून हॉस्पिटलची पाटी वाचता येईना.

तिनं बटण दाबलं. पंप घरघरला आणि जंतुनाशकाचा आंबूस वास रिकाम्या वॉर्डात पसरू लागला.

मुलगी हुशार होती. मशीनची नळी न् नळी तिला पाठ होती. पण सुई हातात घेतली की हात थरथरायचा. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात, त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली रक्त गुणगुणताना लागतं, आत मधमाश्यांचं मोहोळ असावं तसं. त्याच शिरेत जाड सुया घालायच्या असतात. दिवाळीच्या आधी श्रीमंत नावाच्या एका तरुण पेशंटला टोचताना कृपाची सुई शिरेच्या आरपार गेली आणि त्याचा हात कोपरापर्यंत काळानिळा पडला. तेव्हापासून ती जवळ आली की पेशंट हात पांघरुणात ओढून घ्यायचे. "ती पोरगी नको," असं तिच्या तोंडावर म्हणायचे.

हात पुढं केला तो एकट्या गोजरबाईंनी. पाथर्डीकडची बाई, सगळा जन्म ऊसतोडीत गेलेला. "टोच पोरी," त्या म्हणाल्या होत्या. "चुकलीस तर परत टोच. पाचटानं कापून कापून माजं कातडं कवाच बधिर झालंय. कुनावर तरी शिकायचंच हाय ना तुला?"

त्या हातावर कृपा शिकली. पण फक्त त्याच हातावर. दुसऱ्या कुणाचा हात समोर आला की पुन्हा थरथर सुटायची. आणि आता कितीतरी दिवस गोजरबाई आल्याच नव्हत्या. मुलगा रंगनाथ ऊसतोडीला गेला तेव्हा घरी बघायला कोणी नाही म्हणून त्यांनाही साखर कारखान्याच्या तळावर घेऊन गेला होता. डायलिसिसच्या इतक्या पाळ्या चुकल्यावर काय होतं, हे कृपाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी प्रार्थनेत ती त्यांचं नाव घ्यायची.

म्हणून प्लांटच्या खोलीतून ती वॉर्डात आली आणि खिडकीजवळच्या खाटेवर गोजरबाई बसलेल्या दिसल्या, तेव्हा तिला भीती वाटलीच नाही. जीव भांड्यात पडला.

"मावशी! कधी आलात? दिवे तरी लावायचे!"

"राहू दे. हितं बस." आवाज बारीक होता. "हात दे तुजा."

त्यांनी कृपाची बोटं धरून आपल्या हातावर ठेवली. कातडी बर्फासारखी गार होती. थंडीच तशी होती. खाली मात्र गुणगुण नेहमीपेक्षा जोरात चालली होती.

"डोळे मीट... तू शिरंच्या मागं पळतीस. पळू नको. बोट ठिवून थांब. ती आपसूक येती बोटाखाली... आली?"

"आली, मावशी."

"मग झालं. कुनाचाबी हात असू दे, माजाच हाय समज."

बाहेर धुक्यात कुठलाच आवाज नव्हता. पंपही गप्प झाल्यासारखा वाटत होता. फक्त ती गुणगुण बोटातून मनगटात आणि मनगटातून खांद्यापर्यंत चढत होती.

"आता दार उघड," गोजरबाई कुजबुजल्या. "लई घाबरलंय ते पोरगं..."

कृपानं दार उघडलं. व्हरांड्यात कोणीच नव्हतं. ती मागं वळणार तोच कोपऱ्यावरून स्ट्रेचरची चाकं खडखडली.

श्रीमंत होता. घरातल्या लग्नाच्या गडबडीत डायलिसिसची पाळी चुकवलेली, पाणी फुप्फुसात भरलेलं. तोंडाला फेस, ओठ निळे. त्याला आडवंही होता येत नव्हतं. स्ट्रेचरवर बसून तो बुडणाऱ्या माणसासारखा हवा ओढत होता. सोबत रात्रपाळीच्या डॉक्टर आरती मॅडम होत्या.

"कल्याण सर कुठायत?"

कृपानं फोन लावला. कल्याण सर वॉर्डचे मुख्य टेक्निशियन. घोडेगावच्या पुढं धुक्यात ट्रक आडवा झाला होता आणि ते रांगेत अडकले होते. "तासभर तरी नाही येत मी," पलीकडून आवाज आला. "कृपा... तू लाव."

"मानेतून डायलिसिसची नळी टाकायला हा आडवा तरी व्हायला हवा," आरती मॅडम म्हणाल्या. "तेवढा वेळ नाही याच्याकडं. तुला जमेल?"

कृपाला बघून श्रीमंतनं मान हलवली. नको. हात छातीशी आवळून धरला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच थांबली.

"त्या... मावशी... म्हनत्यात... दे," तो धापा टाकत म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

कृपानं मागं वळून पाहिलं नाही. हात धुतले, मोजे चढवले, बोट ठेवलं आणि थांबली. तेव्हा तिच्या बोटांवर दुसरी बोटं टेकली. मोज्यातूनही ती गार लागली. शीर आपसूक बोटाखाली आली. सुई गेली आणि नळीत लाल रेघ उमटली. दुसरी सुईही पहिल्याच झटक्यात बसली. मशीन फिरू लागलं. हात थरथरला नव्हता, हे तिला नंतर आठवलं.

ऊन वर आलं तोवर श्रीमंत उशीला टेकून चहा मागत होता. खिडकीजवळची खाट रिकामी होती. चादरीला एक सुरकुतीही नव्हती.

कल्याण सर आले ते खाली मान घालून. "कृपा, गेटवर जीप उभी आहे. रांगेत माझ्या पुढंच होती. गोजरबाईंना आणलंय."

"आणलंय म्हणजे? त्या तर सकाळीच..."

"काल दिवस मावळताना गेल्या त्या."

जीपच्या मागच्या सीटवर गोजरबाईंना घोंगडीत गुंडाळलं होतं. रंगनाथ पायाशी बसला होता, डोळे सुजलेले.

"ताई, डागदरनं सांगितलं आई गेली म्हनून. छाती गप हाय, श्वास न्हाई. पर हाताला हात लावून बगा. जाळायला मन हुईना..."

आरती मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. मग तो हातावर ठेवला. बराच वेळ ऐकत राहिल्या. कानातून काढला आणि बाजूला झाल्या.

कृपानं बोटं ठेवली. थंड, ताठ पडलेल्या त्या हातात मोहोळ गुणगुणत होतं.

भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "मावशी, जमलं मला. दुसऱ्याच्या हातावर जमलं. पोरगं चहा पितंय... तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. आता थांबू नका."

गुणगुण हळूहळू बारीक होत गेली. एकदा लागली, पुन्हा एकदा पुसटशी लागली, आणि हात नुसता हात राहिला. रंगनाथनं आईच्या पायावर डोकं ठेवलं.

पुढच्या पाळीला श्रीमंत आपल्या पायांनी चालत आला. सगळ्यांसमोर त्यानं कृपाला हाक मारली. "सिस्टर, आजपासून तुमीच टोचायचं. मला दुसरं कुनी नको." कृपाचे डोळे भरले. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, तसा तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्या मावशींचं कळलं मला. जीव वाचवला त्यांनी माजा. पर एक इचारू? त्या दिवशी दारात त्यांच्या म्होरं उभा हुता, तो मानूस कोन?"

"कोण माणूस?"

"उंच, अंगावर काळं कांबळं. आत यायला बगत हुता. मावशी एका हातानं तुमचा हात धरून हुत्या, आन् दुसऱ्या हातानं त्याला दारातच थोपवून धरल्यालं... 'याला न्हाई, याला न्हाई' म्हनत हुत्या." श्रीमंतनं दाराकडं बघितलं. "आज आत येताना परत दिसला. भाईर बाकावर बसलाय."

कृपा उठली. दारापर्यंत गेली आणि तिनं ते हळूच उघडलं.

बाहेरच्या लांब बाकावर पुढच्या पाळीचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक बसले होते. सगळे एका टोकाला दाटीवाटीनं, एकमेकांना रेलून. एक म्हातारा तर बाक सोडून जमिनीवरच टेकला होता. दुसऱ्या टोकाला एका माणसाला पुरेल एवढी जागा मोकळी होती.

"बाबा, खाली का बसलात? जागा आहे की तिकडं," कृपा म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिकडं पाहिलं नाही. "असू दे बाई," तो म्हणाला. "हितंच बरं हाय."