बैठकीत दोघंच उभे

गोदाच्या नादी लागले की माझं काहीतरी होतंच. त्या पौषात ती मला तळ्याकाठच्या गाण्याला घेऊन गेली, आणि तिथं भर बैठकीत, सगळा गाव मांडी घालून बसलेला असताना, मी ताडकन उभी राहिले.

नीट सांगते. आमचं ठाणं तेव्हा एवढंसं होतं. आगगाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण स्टेशन सोडलं की सगळी वस्ती तळ्याभोवतीच. तळ्याच्या एका काठाला शंकराचं देऊळ, दुसऱ्या काठाला आमचं. आम्ही किरिस्तावही आपल्या चर्चला देऊळच म्हणतो. माझे बाबा, इनास मास्तर, आमच्या देवळात पोरांना गाणं आणि फिडल शिकवायचे. गोदा आमची शेजारीण, मिठागरवाल्यांची लेक. त्या वर्षी शंकराच्या देवळापुढे मांडव घालून तीन दिवस गाणं ठेवलं होतं, आणि त्यासाठी बडोद्याहून एक बडे खाँसाहेब आले होते. बाबांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही. लुगडं तर आम्हीही नेसतो, बायकांच्या गर्दीत कोण ओळखतंय, असं गोदा म्हणाली आणि मला ते लगेच पटलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. तळ्यावर गार वारा, पाण्यात माडांच्या सावल्या, आणि मांडवात तंबोरे लागलेले. मी बसले, आणि समोर बघते तर काय... खाँसाहेबांच्या डाव्या बाजूला एक तरुण मांडी घालून फिडल वाजवत होता! फिडल उभ्यानं वाजवायचं, हनुवटीखाली धरून, हे मी जन्मापासून बघत आलेली. ह्यानं ते छातीला टेकवून पायापाशी उतरतं धरलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आमच्याकडे सूर जिना उतरल्यासारखे एकेक पायरी उतरायचे. ह्याचा सूर मात्र पायरी न मोजता नुसता घरंगळत खाली यायचा आणि अलगद जागेवर बसायचा. माझ्या अंगावर काटा आला. मी गोदाचा हात इतका घट्ट धरला की तिनं तो सोडवून घेतला.

सारंगीवाले तापानं पडलेत म्हणून कल्याणच्या ह्या पोराला बसवलंय, असं पुढची बाई सांगत होती. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आमच्या देवळाची संध्याकाळची घंटा आली.

आता आमच्यात रीत अशी, की ती घंटा झाली की जो जिथं असेल तिथं उभा राहतो. हातात कोयता असो, मासळी असो, नाहीतर तान्हं पोर असो, काम थांबवून उभ्यानं प्रार्थना म्हणायची. अंगात इतकं भिनलेलं असतं ते, की पाय विचारत नाहीत. माझ्याही पायांनी विचारलं नाही. उभी राहिले, हात जोडले, आणि मग लक्षात आलं की आपण कुठं आहोत.

आणि तेव्हाच दिसलं — मांडवात आणखी एक जण उभा होता. तो फिडलवाला! गाणं ऐन रंगात आलेलं, आणि ह्यानं गज मध्येच थांबवून, वाद्य बैठकीवर ठेवून सरळ उभं राहून डोळे मिटलेले. खाँसाहेबांचा सूर एकटाच पुढे गेला, आणि थांबला.

सगळा मांडव एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. यजमान शेटजी तर लालेलाल झाले होते. मला वाटलं, तळं जवळच आहे, उडी टाकावी. त्यानं डोळे उघडले ते थेट माझ्यावरच. आधी चमकला, मग... हसला. इतका घाबरलेला माणूस इतकं गोड हसू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

खाँसाहेब रागावले नाहीत. घंटा संपेपर्यंत तंबोरा छेडत राहिले, मग सूर्याकडे बघून म्हणाले, "अच्छा किया बेटा, याद दिलाया. हमारा भी वक्त हो गया." आणि उठून नमाजाला गेले. लोकांनी पानाचे डबे उघडले. मी मात्र गोदाला ओढत घर गाठलं.

शहाण्या मुलीनं दुसऱ्या दिवशी जायला नको होतं. मी गेले.

त्या दिवशी गाणं सकाळचं होतं. ते संपल्यावर गोदा आणि मी तळ्याच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसलो होतो, तर हा वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. फिडल बगलेत, चेहऱ्यावर कालचंच हसू. गोदा माझी वात्रट. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कमळं बघायला जाते म्हणाली. कमळं आमच्या पायाशीच होती.

"काल तुम्ही का उभ्या राहिलात?" त्यानं विचारलं.

"तुम्ही राहिलात म्हणून."

"खोटं. आधी तुम्ही उभ्या राहिलात."

"म्हणजे प्रार्थना सोडून तुम्ही मला बघत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग पायरीवर बसला, माझ्यापासून बराच लांब, आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "प्रार्थना अर्धीच झाली. हे पापच की. येत्या रविवारी पाद्रीबाबांकडे कबूल करावं लागेल. पण ते विचारणार, कोण मुलगी? मी काय सांगू?"

नाव विचारायची ही तऱ्हा! मी ओठ आवळून हसू दाबलं. "सांगा, इनास मास्तरांची मुलगी. ते तुमचा गज मोडतील."

"मास्तरांनी नाव काही ठेवलं असेल ना मुलीचं..."

"सुझाना," मी म्हटलं, आणि उगाचच पाय हलवून पाणी उडवलं.

मग तो बोलत राहिला. त्याचं नाव गॅब्रिएल. आईबाप लहानपणीच गेले, कल्याणला मामानं वाढवला, तो मामाही गेला. आता रेल्वेच्या बँडात वाजवायचा. एकदा खाँसाहेबांचं गाणं कानावर पडलं आणि त्या दिवसापासून ह्याला बँडात करमेना. हे तीन दिवस नीट गेले तर खाँसाहेब त्याला शागीर्द म्हणून बडोद्याला नेणार होते. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला आनंद झाला. पण बडोद्याला म्हणजे इथून लांब. मला ह्या माणसाला भेटून पुरता दिवससुद्धा झाला नव्हता आणि तो जाणार म्हणून मला रडू येत होतं. काय म्हणावं ह्याला!

निघताना तो थांबला. "सुझाना, मी जाऊ नये असं कुणी म्हटलं, तर..."

"तर काय?"

"तर मी ऐकेन," तो म्हणाला आणि भरभर पायऱ्या चढून गेला.

तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. जाऊच दिलं नाही. आमच्या देवळातल्या बायकांनी बाबांना सगळं सांगितलं होतं — मास्तर, बैठकीत दोघंच उभे, तुमची सुझाना आणि तो फिडलवाला. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवण अर्धं टाकून ते उठले आणि मला घराबाहेर पडायची बंदी केली.

संध्याकाळी मी खिडकीत बसले. तळ्यावर धुकं उतरलं होतं, पलीकडे मांडवातल्या समया पाण्यात लांबलांब थरथरत होत्या, आणि पाण्यावरून ते फिडल येत होतं. आवाज वाऱ्यानं कधी जवळ यायचा, कधी पार पुसला जायचा. एवढ्या लोकांत तो वाजवत होता, पण मला वाटत राहिलं की माझ्यासाठीच वाजवतोय. आई शेजारी येऊन बसली. बाबाही मागे दाराशी उभे होते. गेले नाहीत, गाणं संपेपर्यंत.

आमच्यात मुलगा स्वतः मागणी घालत नाही. त्याचं कुणी वडीलधारं माणूस उंबरठ्याशी येऊन मुलगी मागतं. गॅब्रिएलचं वडीलधारं कुणीच उरलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात कोण यावं? खाँसाहेब! जरीची टोपी, अत्तराचा घमघमाट, हातात साखरेचा पुडा, आणि मागे मान खाली घालून गॅब्रिएल. आख्खी आळी कुंपणाशी जमली. मी दाराआड, फटीला डोळा लावून.

खाँसाहेब आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, की हा माझा मुलगा, तुमची मुलगी मागायला आलोय. बाबांनी गॅब्रिएलला नीट निरखून पाहिलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की पोरगा आपल्यातला आहे, हात चांगला आहे. मुलगी देईन. पण त्यानं इथं राहावं, आमच्या देवळात वाजवावं. मांडवामांडवांतून गाणाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्याला मी मुलगी देणार नाही.

गॅब्रिएलनं वर पाहिलं. मग तो पुढे झाला आणि त्यानं फिडल बाबांच्या पायाशी ठेवलं. खाँसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

त्या क्षणी मला सगळं मिळालं होतं. तो इथं राहणार, माझा होणार, रोज दिसणार. मी फक्त दाराआड गप्प राहायचं होतं. पण मला त्याचे पायऱ्यांवरचे डोळे आठवले, बडोद्याचं नाव काढल्यावर चमकलेले, आणि आता जमिनीकडे लागलेले. मागणीच्या वेळी मुलीनं बाहेर यायचं नसतं, बोलायचं तर मुळीच नसतं. मी बाहेर आले, फिडल उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"बाबा, मला हा आवडतो," मी म्हटलं. "पण असा नको. हा इथं राहील, मला सुखात ठेवील, आणि जन्मभर तळ्यापलीकडे बघत बसेल. ते मला बघवणार नाही. त्याला जाऊ द्या. मला द्यायचं नसेल तर नका देऊ, पण त्याला जाऊ द्या."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हात उठणार. पण त्यांनी खाँसाहेबांकडे वळून विचारलं, "बडोद्यात आमचं देऊळ आहे का?"

"छावणीत आहे," खाँसाहेब म्हणाले. "इतवारला मी ह्याला सकाळी तालमीला बोलावणार नाही. जबान देतो."

बाबांनी साखरेचा पुडा घेतला. "मग देवळात तीन रविवार सगळ्यांसमोर लग्नाची पुकार होईपर्यंत थांबा," ते म्हणाले, "आणि काल संध्याकाळी शेवटी वाजवलंत ते काय होतं, ते मला एकदा जवळून ऐकवा." आणि पाट आणायच्या निमित्तानं ते घाईघाईनं आत गेले.

गॅब्रिएल तसाच उभा, फिडल छातीशी धरून. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"आता तरी काही बोल," मी हळूच म्हटलं.

"सुझाना... माझ्याबरोबर येशील?"

बडोदा उत्तरेला की दक्षिणेला, हेही मला ठाऊक नव्हतं. येईन म्हटलं.