शेवटच्या दोन ओळी

बन्सीलाल वकिलांनी शैलजाचा निबंध सगळ्यांसमोर वाचून दाखवला. शेवटच्या दोन ओळींवर येऊन ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, “याला म्हणतात निबंध. तीन महिने मी हेच मागत होतो.”

शैलजा भंगाळे चमकली. त्या दोन ओळी तिच्या नव्हत्याच.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधली. पुण्याच्या एका लॉ कॉलेजने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी प्रवेशपरीक्षा ठेवली होती आणि तिच्यात चाळीस मार्कांचा एक निबंध असायचा. निवृत्त झालेले बन्सीलाल वकील दर रविवारी जळगावात आपल्या घराच्या ओट्यावर सात-आठ मुलांकडून तो निबंध घोटून घ्यायचे. फी काही नाही, फक्त त्यांच्या जुन्या खटल्यांच्या गोष्टी ऐकून घ्यायच्या. शैलजा त्यासाठी असोद्याहून एसटीने यायची.

तिच्या निबंधाचं दुखणं एकच होतं. पंक्तीत वाढावं तसं ती दोन्ही बाजूंना सारखं वाढायची. दारूबंदी असावी? एकीकडे हे, दुसरीकडे ते, आणि शेवटी “हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.” खाली दर वेळी लाल शाईत वकिलांचा शेरा, ‘मुद्दे उत्तम. पण पोरी, तुझं मत कुठे आहे?’

आणि आज तिच्याच वहीत, तिच्या शांत, गोल अक्षराखाली कुणीतरी तिरप्या घाईच्या अक्षरात ठणकावून लिहिलं होतं, ‘ज्या बाईच्या घरात संध्याकाळी भांडी आपटतात, तिला दोन बाजू सांगू नका. दारू बंद करा.’

मागच्या रविवारी चुकून वह्यांची अदलाबदल झाली होती खरी. तिच्याकडे आलेल्या वहीला लाल मिरचीचा वास येत होता आणि शेरा होता, ‘मत दणदणीत. पण बाबा, मुद्दे कुठे आहेत?’ तिने ती न उघडल्यासारखी करून वकिलांच्या गठ्ठ्यात परत ठेवली होती. आता तिने ओट्यावर नजर फिरवली. नुकताच येऊ लागलेला, कोपऱ्यातला एक मुलगा समोरच्या कडुनिंबाकडे इतकं मन लावून बघत होता, की शंकेला जागाच उरली नाही.

वर्ग सुटल्यावर तिने त्याला फाटकाशी गाठलं.

“माझ्या वहीत तुम्ही लिहिलंत?”

“दोनच ओळी.”

“न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, एका बाजूने बघितलं तर लिहा, आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर लिहू नका.”

तिला हसू येत होतं. ते तिने मोठ्या कष्टाने दाबलं, कारण राग खरा होता. “नाव काय तुमचं?”

“रुपचंद. दोंडाईचाहून येतो, पॅसेंजरने.”

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, जागच्या जागी उभे राहिलेले केस, जरा जास्तच ऐसपैस नाक. “हे नाव कोणी ठेवलं?”

“आजीने. मी जन्मलो तेव्हा, चेहरा न बघताच. आमच्या घरात निकाल एकतर्फीच लागतात.”

आता मात्र हसू फुटलंच. ते लपवायला ती वळली आणि चालू लागली, पण कोपऱ्यावर गेल्यावर तिने मागे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता.

पुढच्या रविवारी त्याने माफी म्हणून एक पुडी आणली. तिने मोठ्या उत्सुकतेने उघडली, तर आत दोंडाईचाच्या लाल मिरच्या. ती सलग नऊ वेळा शिंकली. “मी फुलं आणायला हवी होती का?” तो कावराबावरा होऊन म्हणाला. “विचारायला हवं होतं,” ती डोळे पुसत म्हणाली.

मग त्यांच्यात करार झाला. त्याने तिला एका बाजूला उभं राहायला शिकवायचं, तिने त्याला समोरच्याच्या जागी जाऊन बसायला. वर्ग सुटला की कडुनिंबाखाली तासभर भांडण. ती डब्यात भरीत आणायची, तो ते चाटून पुसून खायचा आणि तरी दोंडाईचाकडचं भरीत बरं म्हणायचा. “दुसरी बाजू?” ती विचारायची. “दुसरी बाजू अशी,” तो बोटं चाटत म्हणायचा, “की उद्या परत आणलंत तर मी मत बदलू शकतो.” उद्या म्हणजे पुढचा रविवार. तो यायला फार वेळ लावतो, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं.

एका रविवारी ती गप्प होती. त्याने दोनदा चिडवून पाहिलं, मग चिडवायचं सोडून दिलं. “काय झालं?”

“आबांनी सांगून टाकलंय,” ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील, कौतिक भंगाळे. केळीच्या बागेत आणि घरात, दोन्हीकडे त्यांचा शब्द शेवटचा. “म्हणाले, ‘एक परीक्षा दे. लागला नंबर त जाय पुन्याले. नाही लागला त दीपनगरच्या स्थळाले हो म्हन.’ मुलगा वीज केंद्रात आहे. कॉलनीत क्वार्टर आहे.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“आबांचंही बरोबर आहे. एकीकडे—”

“शैलजा.” त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती. “निबंधात चालेल हे. इथे नाही चालणार.”

तिने डबा उचलला आणि निघाली. त्याच्या आवाजातली चिडवाचिडवी कुठे गेली होती, हे मात्र ती असोद्याच्या बसमध्ये सगळ्या वाटेने शोधत राहिली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि अंगणातल्या झाडांना झोके लागतात. शैलजाची कुंदाआत्याही आली. दुपारच्या उन्हात निंबाखाली दोघी एकाच झोक्यावर बसल्या. बोलता बोलता शैलजाने विचारलं, “आत्या, हक्कसोडीवर सही केली तेव्हा वाईट वाटलं होतं?” आजोबा गेल्यावर जमिनीतला आपला वाटा भावाला सोडल्याचा तो कागद. गावातली प्रत्येक बहीण तो करून देते.

आत्याने पायाने झोका थांबवला. “मले कोणी इचारलंच नाही वं बाई. सही कर म्हने, केली. इचारलं असतं त मी दिलंच असतं. माह्या भाऊच आहे तो.” आणि पुन्हा जोरात झोका घेतला. “पन इचारलं नाही.”

दोन दिवसांनी धुळ्याच्या केंद्रावर परीक्षा होती. वकील स्वतः सगळ्या मुलांना एसटीने घेऊन गेले. हॉलमध्ये पंखा होता, पण तो गरम हवाच ढवळत होता. शैलजाने पेपर उलटला. ‘वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा असावा का? साधकबाधक विचार करून आपले मत मांडा.’

आधी तिने भावाची बाजू लिहिली. उन्हातान्हात राबतो कोण, तुकडे पडले तर शेती परवडायची कशी, बहिणीसाठी माहेरचं दार उघडं ठेवतो कोण. इतकी मनापासून लिहिली, की आबांनीही मान डोलावली असती. मग बहिणीची बाजू लिहिली. दोन्ही ताटं भरली आणि नेहमीसारखा तिचा पेन थांबला. ‘हा प्रश्न...’ एवढे दोन शब्द तिने लिहिलेही. मग आत्याचा तो थांबलेला पाय आठवला, आणि तिने ते दोन शब्द खोडले.

‘राजीखुशीने सोडलेला हक्क आणि न विचारता काढून घेतलेला हक्क, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वाटा आधी तिच्या नावावर असावा; तो ठेवायचा की सोडायचा, हे मग तिला विचारावं.’

शेवटच्या दोन ओळी. या वेळी तिच्या, तिच्याच अक्षरात.

धुळ्याच्या स्टँडवर वकील मुलांना उसाचा रस पाजत होते. रुपचंद ग्लास हातात घेऊन नुसताच उभा होता. “मी आज पहिल्यांदा दोन्ही बाजू लिहिल्या,” तो म्हणाला. “तीन बहिणी आहेत मला, भाऊ मी एकटा. माझ्या बाजूचे मुद्दे शोधायला गेलो... सगळे माझ्या सोयीचेच निघाले.” मग थोडं थांबून, “शैलजा, तुम्हाला एक विचारायचं होतं.”

“मग विचारा ना.”

“आज नको. आज विचारलं आणि नंबर लागला नाही, तर दीपनगर चुकवायला मी विचारलं असं होईल. तुम्हीही त्याच घाईत उत्तर द्याल. निकाल लागू दे.”

त्याला दुसरी बाजू बघायला शिकवल्याचा शैलजाला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. आबांनी ते बागेतच फोडलं, दोनदा वाचलं आणि केळीच्या ओळींमधून चालत तिच्यापर्यंत आले. नंबर लागला होता. निबंधाला चाळीसपैकी छत्तीस.

“काय लिव्हलं होतं एवढं?” त्यांनी विचारलं.

 तिने सांगितलं, भावाची बाजू, बहिणीची बाजू, आणि आत्याचं झोक्यावरचं बोलणंही, एक शब्द न गाळता. आबा ऐकत गेले. मग बराच वेळ ते केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढत राहिले.

“खरं आहे,” शेवटी ते म्हणाले. “कुंदीले इचारायचं सुचलंच नाही मले.” आणि जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, “दीपनगरवाल्याईले काय सांगू? मी तुले इचारतो आहे.”

अठरा वर्षांत आबांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. एकीकडे, दुसरीकडे, असं काहीही तिच्या मनात आलं नाही.

“नाही म्हणून सांगा, आबा.”

“बरं,” आबा म्हणाले आणि पान बाजूला टाकून दिलं.

रविवारी ती पेढे घेऊन जळगावला गेली, तेव्हा ओट्यावर दुसरा पुडा आधीच उघडलेला होता. रुपचंदचाही नंबर लागला होता, निबंधाला चौतीस. वकिलांनी दोघांचे पेढे खाल्ले, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि आपल्याला आत काहीतरी शोधायचं आहे असं सांगून उठले.

कडुनिंबाखाली दोघं उभी राहिली. इतके महिने तोंड न मिटणारा रुपचंद आता चपलेने माती उकरत होता.

“शैलजा, मी...” मग शहरी भाषा त्याला सोडून गेली आणि तो घरच्या अहिराणीवर आला. “माले तू आवडस. बठ्ठं गोळाबेरीज करी पाहिलं, मनी बाजू एकच शे.” त्याने मान वर केली. “पण तुमची बाजू विचारतोय. तुम्हाला... तुला मी आवडतो का? लगेच नाही सांगितलंस तरी चालेल.”

“साधकबाधक सांगू?”

त्याचा चेहरा पडला. “सांग.”

“विरोधात मुद्दे पुष्कळ आहेत. तुमच्या-आमच्या जातींत सोयरिक झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आबांना समजवायला पाचही वर्षं पुरणार नाहीत. तुमच्या घरच्या मिरचीने मी शिंकून मरेन. भरताच्या बाबतीत तुम्ही धादांत खोटं बोलता. आणि आजीचा निकाल तर सरळसरळ चुकलेला आहे.”

“आणि बाजूने?” त्याने हळूच विचारलं.

शैलजाने पेढ्याचा पुडा त्याच्या हातात ठेवला. हात मात्र काढून घेतला नाही.

“बाजूने एकच,” ती म्हणाली. “तू विचारलंस.”