तिरकी धरलेली डिस्क

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली, तेव्हा तिच्या काखेत प्लास्टरचा पाय होता आणि त्याच्या खांद्यावर वायरींनी फुगलेली पिशवी. पाय निसटला. त्यानं तो अलगद झेलला.

“हा... कोणाचा?”

“पेशंटचा साचा आहे. द्या इकडे—आणि तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळतं का हो? आमच्या सगळ्या फायली सकाळपासून गायब आहेत.”

तो खरं तर वरच्या मजल्यावर प्रिंटर बघायला आला होता. पण तिचा कावराबावरा चेहरा पाहून तिच्यामागे खाली उतरला. कपाटामागे उंदरासारखा शिरला, एक सैल वायर दाबून बसवली आणि फायली परत दिसू लागल्या.

तेव्हापासून कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या लहानशा ऑफिसचा जुना सर्व्हर त्याच्याच भरवशावर चालला. कधी जागा भरून जायची, कधी बरोबर पासवर्ड टाकूनही आत घ्यायचा नाही, कधी एखादी फाइल ‘दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे’ म्हणून अडून बसायची. तो यायचा, सुरळीत करून द्यायचा आणि जाताना म्हणायचा, “आता नवा घ्या. याचं वय झालं.”

“नवा घेतल्यावर तुम्ही कशाला याल?” दाराशी बसणाऱ्या मावशी मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या. मापं नोंदवणारी ती मग उगाच कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं खुपसायची.

अखेर नवा सर्व्हर आला. उद्या जोडायचा होता. आणि आज दुपारी जुना तापून घरघरायला लागला, म्हणून तिनं तो बंद करून पुन्हा चालू केला. घरी टीव्ही रुसला की करतो ना, तसंच.

तो चालूच झाला नाही.

तिनं घाईघाईनं त्याला फोन लावला. तो धावतपळत आला.

“बंद केलात?” तो रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. “इतकी वर्षं न थांबता फिरलेली डिस्क. एकदा थांबली की उठायला मागत नाही. दुसरीकडे प्रत आहे?”

“गेल्या वर्षापर्यंतची. पुढची सगळी मापं फक्त यातच...”

बाहेर बाकावर एक आजोबा काठी धरून बसले होते. त्यांचं माप पुन्हा घ्यायचं म्हणजे दुखऱ्या पायावर पुन्हा प्लास्टर. आणि तसे आणखी कितीजण!

त्यानं जुन्या सर्व्हरमधली डिस्क बाहेर काढली, वायरीनं नव्या सर्व्हरला जोडली, कानाशी धरली. मनगटानं हलका झटका दिला. काही नाही. पुन्हा. काही नाही. मग जरा तिरकी केली... आणि आतून बारीकशी घूं आली.

“आली!” ती म्हणाली.

त्यानं ती सरळ करताच घूं विरली. तिरकी करताच परत आली.

“मला कीबोर्ड लागेल. तुम्ही धरा. अशीच, तिरकी. आवाज बदलला तर किंचित वळवा. खाली ठेवायची नाही.”

तिनं धरली. पडद्यावर किती फायली उतरल्या ते दाखवणारी हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तिचे हात थरथरत होते. फायली आता आपोआप उतरत होत्या, म्हणून त्यानं कीबोर्ड सोडला आणि तिच्या हातांखाली आपले तळवे धरले.

“बोला काहीतरी. बोललात की हात थरथरत नाहीत.”

“काय बोलू? जीव टांगणीला लागलाय माझा.”

“माझाही.”

“तुमचा का? तुमची थोडीच चूक आहे?”

तो पडद्याकडे बघत राहिला. “पट्टी संपली की... माझं इथलं कामही संपलं.”

देवा, लवकर संपू दे, असं ती मघापासून मनात म्हणत होती. आता तेच शब्द ओठांशी अडले. नको, इतक्या लवकर नको... आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. बाहेर आजोबा बसलेत ना!

“संपू दे,” ती हळूच, पण स्पष्ट म्हणाली. “सगळं नीट संपू दे.”

मध्येच डिस्क टकटकली. पट्टी थबकली. दोघांचे श्वासही. तिनं डोळे मिटून ती केसभर वळवली... घूं परतली.

पट्टी भरली. तिनं बोटं सोडली नाहीत. “आधी आजोबांची फाइल उघडा.”

उघडली. मापं जशीच्या तशी. तेव्हा कुठे तिनं डिस्क टेबलावर ठेवली. घूं थांबली, कायमची. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

“अहो, मिळालं ना सगळं...”

“हा नवा—बिघडेल?”

“लवकर नाही.” तो पिशवी आवरू लागला. वायर गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. “नाहीच बिघडणार.”

“मग बिघडल्याशिवायच या.”

त्याचे हात थांबले. “मावशी विचारतील. काय सांगू, कशाला आलो?”

तिनं पदरानं डोळे पुसले. आवाज अगदी बारीक निघाला, पण निघाला.

“सांगा... मला भेटायला.”